लाल दोरा न बांधलेला कोट

गल्लीत तिला सगळे डागवाली म्हणत. नाव ठेवलं होतं समोरच्या टेलरीणबाईंनी, आणि ठेवलं होतं चेष्टेनं. पण चेष्टेचं नाव अंगाला बरोबर बसतं. पुढे लॉन्ड्रीचे शेठसुद्धा गिऱ्हाइकाला सांगायला लागले, "थांबा, आमच्या डागवालीला दाखवतो." मग ती मागच्या खोलीतून हात पुसत यायची, कापड उजेडाकडे धरायची, नखानं जरासं खरवडायची, नाकाशी न्यायची आणि म्हणायची, "तेल सांडलंय. आणि त्यावर साबण कुणी चोळला? तसंच आणलं असतं तर आत्तापर्यंत निघालं असतं." गिऱ्हाईक ओशाळायचं, शेठ मिशीत हसायचे.

शाळा सुटली तेव्हापासून ती त्या मागच्या खोलीत होती. लग्न झालं, मूल झालं, तरी खोली तीच. एका भिंतीला दगडी हौद, दुसरीला बाटल्यांची फळी, मध्ये लांब टेबल आणि कोपऱ्यात वाफेची मोठी इस्त्री. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ती टेबलाला हात लावून डोळे मिटायची. मागायची काही नाही. एवढंच म्हणायची, देवा, कुणाचं कापड माझ्या हातून खराब होऊ देऊ नको. देवानं प्रत्येकाला काही ना काही काम वाटून दिलंय, आपल्या वाट्याला लोकांचं सांडलेलं-लवंडलेलं आलं, त्यात कमीपणा कसला, असं तिचं साधं म्हणणं होतं.

दुकानात एक पद्धत होती, तीही तिनंच सुरू केलेली. ज्या कपड्याला फक्त इस्त्री करायची, धुवायचं नाही, डागाला हात लावायचा नाही, त्याच्या वरच्या बटणाला लाल दोरा बांधायचा. दोरा नसेल तर धुणं आलं, डाग आला, सगळं आलं. चिठ्ठ्या हरवतात, चिठ्ठीवरची शाई पुसते. दोरा कुठे जात नाही.

घरात माणसं मोजकीच. नवरा बस डेपोत मेकॅनिक. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. आणि एक मुलगी. ही मुलगी त्या वर्षी शाळेच्या अदलाबदलीच्या योजनेतून परदेशी गेली होती. इकडची पोर तिकडच्या घरी राहील, तिकडची इकडे येईल, असं वर्षभरासाठी ठरलं होतं. तशी तिच्या खोलीत, तिच्या पलंगावर, तिच्याच वयाची एक उंच, किडकिडीत, अबोल मुलगी येऊन राहिली. तिचं नाव काही आबांच्या जिभेवर बसेना. ते तिला 'पाहुणी' म्हणायला लागले आणि मग ती सगळ्यांचीच पाहुणी झाली.

डागवालीनं मनाशी एक खूणगाठ बांधली होती. इकडे हिला जे मिळेल, ते तिकडे आपल्या पोरीला मिळेल. पाहुणीला गरम वाढलं की वाटायचं, तिकडेही कुणी गरम वाढत असेल. पाहुणीवर आवाज चढायला आला की ती तो गिळायची. देव असा तराजू घेऊन बसलेला नसतो, हे काय तिला कळत नव्हतं? पण आईला नुसतं कळून भागत नाही.

पाहुणीचं गूळपीठ जमलं ते आबांशी. आबांनी सैन्यात ट्रक चालवला होता. त्यांच्या गोष्टी घरात सगळ्यांना तोंडपाठ. "पूल वाहून गेला तेव्हाची ना, आबा?" असं म्हणून त्यांचा मुलगा गोष्ट सुरू होण्याआधीच संपवायचा. पाहुणीला एकही गोष्ट माहीत नव्हती. शिवाय भाषा अर्धीमुर्धी कळत असल्यानं ती तीच गोष्ट दोनदा सांगायला लावायची. म्हाताऱ्याला आणखी काय हवं असतं?

शाळा सुटली की पाहुणी लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत यायची. आधी नुसती स्टुलावर बसून बघायची. मग बाटल्यांचे वास ओळखायला लागली. मग डागवालीनं तिला शिकवायलाच घेतलं.

"रक्ताला काय?"

"थंड पाणी. मग मीठ. मग ती तपकिरी बाटली, थेंब थेंब."

"आणि गरम पाणी?"

"कधीच नाही, काकू. गरम पाण्यानं रक्त कापडात घर करतं."

"शाबास. आणि लाल दोरा असला तर?"

"हात नाही लावायचा."

"माझी लेक इतकी वर्षं इथे वाढली, तिला एवढं येत नाही," डागवाली म्हणायची, आणि पाहुणी लाजून हौदाकडे बघायची.

राष्ट्रदिन आला. त्या दिवशी मोठ्या मैदानावर झेंडा चढतो, बँड वाजतो, भाषणं होतात, आणि शेवटी गावातले जुने सैनिक आपापले कोट घालून मैदानाला एक फेरी मारतात. आबांचा कोट जाड लोकरीचा, खाकी. वर्षभर ट्रंकेत असायचा. आदल्या दिवशी ते स्वतः बाहेर काढायचे आणि सुनेच्या हातात द्यायचे. मुलाच्या हातात नाही, नातीच्या नाही. सून तो दुकानात न्यायची, वर ओलं फडकं घालून वाफेच्या इस्त्रीनं बसवायची, आणि डाव्या बाहीच्या मनगटाकडे आली की इस्त्री उचलायची. तिथे डाग होता.

नवी नवरी होती तेव्हा तिनं हौसेनं विचारलं होतं, "आबा, हा काढून देऊ? निघेल." आबांनी कोट तिच्या हातातून घेतला, तिला समोर बसवलं आणि एकदाच सांगितलं. त्यांचा एक दोस्त होता. ट्रकमध्ये शेजारी बसून सारखा गायचा, म्हणून त्याला सगळे गवई म्हणत. लढाईत तो जखमी झाला. मागे जागा नव्हती, त्याला आबांच्या शेजारीच बसवला. त्याचं डोकं आबांच्या डाव्या हातावर होतं. गिअर बदलायला हात हलला की तो कण्हायचा, म्हणून आबांनी पुढचा सगळा रस्ता एकाच गिअरमध्ये काढला. दवाखाना आला तेव्हा गवई गप्प होता. आबांना वाटलं, झोप लागली. "कुणाला सांगू नको," ते सुनेला म्हणाले होते. "लोक भाषणात घालतात."

तेव्हापासून कोट तिचा झाला. म्हणजे कोट आबांचाच, पण सांभाळ तिचा. माहेरून आलेल्या पोरीवर सासऱ्यानं इतका विश्वास टाकावा, याचं तिला आतून फार अप्रूप होतं. त्या कोटाला तिनं कधी लाल दोरा बांधला नाही. बांधायचा कशाला? तिच्याशिवाय त्याला कुणी शिवतच नव्हतं.

आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बँडचे गणवेश, शाळांचे गणवेश, झेंडे, पडदे. शाळांना सुट्टी, म्हणून पाहुणी सकाळपासूनच मदतीला होती. डागवालीनं कोट टेबलावर पसरला आणि फडकं भिजवायला वळली, तेवढ्यात टेलरीणबाई बँडची जाकिटं खांद्यावर टाकून आत शिरल्या.

"अगं बाई, म्हाताऱ्याचा कोट का हा?" त्यांनी बाही उचलून पाहिली. "दरवर्षी लांबून दिसायचं, वाटायचं सावली पडलीय. हा तर डाग आहे. सगळ्या गावाचे डाग काढतेस आणि घरच्या म्हाताऱ्याला असा मिरवतेस होय? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"राहू दे, टेलरीणबाई. जुना आहे."

"जुना आहे म्हणून तर काढायचा. उद्या सगळे पुढाऱ्यांसमोर चालणार. माझ्या सासऱ्याला असा धाडला असता तर सासूनं मला उभं केलं नसतं."

"तुमच्या सासूनं तुम्हाला कधी बसूही दिलं नाही," डागवाली म्हणाली, आणि टेलरीणबाई खो खो हसल्या. विषय तिथेच मिटला, असं तिला वाटलं. स्टुलावरची पाहुणी हसली नव्हती, तिकडे तिचं लक्ष गेलं नाही.

लगेच शेठ आले. बँडच्या खोलीत कुणीतरी शाईची बाटली सांडली होती, चार-पाच जाकिटं खराब झाली होती, आणि बँडमास्तर डोकं धरून बसला होता. "चल, जागेवरच बघ. गाडी काढलीय." डागवालीनं दोन बाटल्या उचलल्या, फडकी उचलली. "आलेच ग," असं पाहुणीला म्हणाली आणि गेली. कोट टेबलावर होता, बटणाला दोरा नव्हता.

काम अंदाजापेक्षा लांबलं. परत आली तेव्हा दुपार कलली होती. कोट खिडकीत हँगरला टांगलेला होता. पाहुणी त्याच्या बाजूला उभी होती, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात थंड पाण्यानं लाल झालेले, आणि चेहरा असा की आता हिला कुणी बक्षीस द्यावं.

"काकू, बघा. घाई नाही केली. थंड पाणी, मीठ, तपकिरी बाटली. खूप जुना होता, खूप वेळा केलं."

डागवालीनं बाही हातात घेतली. डाग नव्हता. तिथली खाकी आजूबाजूपेक्षा जरा फिकी झाली होती आणि लोकर पातळ लागत होती. काम उत्तम झालं होतं. तिनं स्वतः केलं असतं तर याहून चांगलं झालं नसतं.

"आबांना आवडेल?" पाहुणीनं विचारलं. "त्या बाई हसल्या. मला आवडलं नाही, आबांना कुणी हसलेलं."

डागवालीला वाटलं, या पोरीचे हात धरावे आणि सांगावं. मग वाटलं, कशाला सांगायचं? सांगून डाग परत येणार आहे का? तिकडे आपली पोर कुणाच्या घरात काय पुसून बसली असेल कोण जाणे.

"छान केलंस," ती म्हणाली.

घरी आल्यावर नवरा अंगणात हातांचं ग्रीस काढत होता. तिनं त्याला एका बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं, इतकी वर्षं पोटात ठेवलेलं गवईचंसुद्धा. तो बराच वेळ साबण चोळत राहिला.

"पूर्ण गेला?"

"पूर्ण."

"एरवी एखादा डाग निघत नाही म्हणून रडतेस. हा बरा निघाला."

"अहो, चेष्टा सुचतेय तुम्हाला."

"चेष्टा नाही करत. आबांना कळलं तर ते पाहुणीकडे परत बघणार नाहीत. माझ्याशी किती महिने बोलले नव्हते, आठवतं ना? मी नुसतं म्हणालो होतो, कोट नवा शिवून घेऊ." त्यानं हात झटकले. "तू डागवाली ना? मग लाव एक. आबांची नजर तरी कुठे धड राहिलीय? सणाचा दिवस निघून जाऊ दे. परक्याची पोर आहे घरात."

"लावू कसा? खोटा?"

"खोटा कसला? जागा तर तीच आहे."

ती स्वयंपाकघरात गेली, दार लोटून घेतलं. पलीकडे बैठकीत आबा पाहुणीला राष्ट्रगीत शिकवत होते. पाहुणी दुसऱ्या ओळीत अडखळायची, आबा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. इकडे डागवालीनं चहापूड कडक उकळली, त्यात गंजलेला खिळा टाकला. कोणता रंग कशानं येतो हे तिला पाठ होतं. आयुष्यभर उलट्या बाजूनं तेच तर केलं होतं. कापसाच्या बोळ्यानं ती टिपत गेली. मनगटापासून सुरू, वर निमुळता. हात थरथरत नव्हता, याचंच तिला वाईट वाटत होतं. उद्या धुकं पडलं, बाही ओली झाली, तर रंग फुटेल, म्हणून तिनं तुरटीचं पाणी लावलं आणि वरून गरम इस्त्री दाबून धरली. पक्का केला. मग नेहमीसारखे हात जोडायला गेली आणि थांबली. देवाला सांगायचं तरी काय?

पाहुणीला सकाळी विश्वासात घेऊ, असं तिनं ठरवलं होतं. 'तू काही बोलू नको, मग सगळं सांगते,' एवढंच सांगायचं होतं. पण सणाची सकाळ कुणाला हातात सापडते? पाणी तापवा, नाश्ता करा, नवऱ्याचा शर्ट सापडेना, आबांचे बूट पुसायचे राहिलेले. ती बूट पुसत होती तेवढ्यात आबांनी कोट चढवायला घेतला. पाहुणी मुद्दाम समोर येऊन उभी राहिली होती. आदल्या दिवसापासून ती याच क्षणाची वाट बघत होती.

डावी बाही आत गेली, आणि पाहुणी म्हणाली, "डाग परत आला?"

आबांचा उजवा हात हवेतच राहिला.

"काल मी काढला होता, काकू. पूर्ण काढला होता ना?"

डागवालीच्या हातातला बूट खाली गेला. नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. आबांनी बाही काढली, कोट खिडकीच्या उजेडात नेला, मनगटाची जागा अंगठ्यानं चोळली. मग नाकाशी नेली.

"चहा," ते म्हणाले.

"तू काढलास?" त्यांनी पाहुणीला विचारलं.

"हो आबा. खूप वेळ लागला."

"लागला असेल. मेहनतीचं काम आहे." त्यांनी कोटाची नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि स्वेटर मागितला. सुनेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. स्वेटर त्यांनी मुलाच्या हातून घेतला.

मैदानावर थंडी होती. पुढच्या खुर्च्यांवर जुने सैनिक कोटांत बसले होते आणि त्यांच्यात आबा निळ्या स्वेटरमध्ये असे दिसत होते, जणू चुकून कुणाचे तरी वडील तिथे येऊन बसलेत. शेजारच्यानं विचारलं, "कोट कुठे रे?"

"धुवायला दिलाय," आबा म्हणाले.

मागच्या रांगेत डागवालीनं ते ऐकलं. टेलरीणबाईंनी लांबून हात केला, तिला हात वर करता आला नाही. झेंडा चढला. राष्ट्रगीत सुरू झालं, पाहुणी दुसऱ्या ओळीत न अडखळता म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिनं काकूंकडे पाहिलं. काकू गात नव्हत्या, रडत होत्या. पाहुणीनं काकांना खुणेनं विचारलं, काय झालं? तो बिचारा साधा माणूस, खोटं सुचणं त्याला एकदाच जमलं होतं. त्यानं कानाशी लागून सांगितलं, कोटावर कुणाचं रक्त होतं ते. पाहुणीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. सैनिकांची फेरी सुरू झाली, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि तिचे दोन्ही हात कुशीत घट्ट दाबलेले होते, जणू त्यांना अजून थंड पाणी लागत होतं.

घरी जेवण झालं, पण जेवण म्हणजे चमच्यांचा आवाज. तेवढ्यात परदेशातून मुलीचा फोन आला. पडद्यावर मुलीचा चेहरा, मागे पाहुणीची आई, हात हलवणारी. "आई, यांनी आज माझ्यासाठी मुद्दाम झेंडा लावलाय घरात," मुलगी सांगत होती. "आबांचा कोट कसा दिसत होता?"

"आबा छान दिसत होते," डागवाली म्हणाली. कालपासूनचं तिसरं खोटं. आता तोंडाला सवयच लागली होती म्हणायची.

फोन ठेवला तर पाहुणी दारात उभी, बॅग हातात.

"काकू, शाळेतल्या बाईंना सांगा. मला दुसऱ्या घरी पाठवा."

"का ग?"

"मी आबांचा मित्र धुवून टाकला."

डागवालीनं बॅग तिच्या हातातून काढून घेतली. "तू डाग काढलास. मी शिकवलं तसा काढलास. दोरा नव्हता, तो बांधायचं काम माझं होतं. तुझ्या हातून चूक झाली असेल, माझ्या हातून चूक झाली नाही, मी केली. दोन्हींत फरक आहे. बॅग आत ठेव."

"आबा माझ्यावर रागावले?"

"नाहीत. त्यांचा राग कुठे आहे ते मला माहीत आहे."

पाहुणीनं बॅग आत नेली, पण उघडली नाही.

दुपार उतरली तेव्हा आबांनी हाक मारली. सूनबाई म्हणून नव्हे; नुसतं, "कोण आहे ग तिकडे?" ती गेली. आबा पलंगावर भिंतीला टेकून बसले होते, कोट पायांवर.

"त्या पोरीनं न कळता धुतला," ते म्हणाले. "तिला काही बोलू नका. तुला तर सगळं कळत होतं."

"हो आबा."

"मग? दरवर्षी मी हाच हात त्याच्या जागेवर ठेवून चालतो. आजही चाललो असतो. चहावर हात ठेवून. तू मागे बसून बघितलं असतंस."

तिनं मान खाली घातली. तुमच्या पाहुणीसाठी केलं, असं म्हणता आलं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं. उरलेलं अर्धं तिला आत्ता, त्यांच्यासमोर उभं असतानाच कळत होतं: कोट सांभाळणारी सून हा आपला मान जाऊ नये, म्हणूनही तिनं तो डाग लावला होता. तिनं कसलीच सबब सांगितली नाही.

"हे तुझं काढ," आबा म्हणाले आणि कोट पुढे सरकवला. "कोरा असला तरी चालेल. हे नको."

ती कोट घेऊन मोरीपाशी बसली. थंड पाणी लावलं, लिंबू लावलं, गंज काढायची बाटली आणायला पाहुणीला दुकानात पळवलं. शेठकडून किल्ली घेऊन पाहुणी धापा टाकत आली आणि मग समोर उकिडवी बसून राहिली. डाग जरासा फिकट झाला आणि तिथेच थांबला. तुरटीनं धरून ठेवला होता, इस्त्रीनं बसवला होता. डागवालीनं केलेला पक्का डाग होता तो. बाटलीतला थेंब टाकायला तिनं बूच उघडलं आणि लोकर बोटांत धरून पाहिली. आधीच्या औषधानं पातळ झालेलं कापड, आता आणखी एक थेंब पडला असता तर विरलं असतं, बोट आरपार गेलं असतं. तिनं बूच लावलं.

"निघत नाही?" पाहुणीनं विचारलं.

"नाही निघत."

"मग आबांना काय सांगायचं?"

"निघत नाही, असं."

आयुष्यात कित्येक गिऱ्हाइकांना तिनं हे वाक्य सांगितलं होतं आणि पुढच्या कपड्याला हात घातला होता. आज मोरीपासून आबांच्या खोलीपर्यंत जाताना ती वाटेत एकदा थांबली. देवा, बोलायला बळ दे, एवढंच ती म्हणाली. कोट ओला होता, बाहीतून पाणी ठिबकत होतं.

"आबा, निघत नाही. मीच पक्का केलाय. आणखी ओढलं तर बाही फाटेल. आता हा असाच राहणार."

आबांनी कोट घेतला, ओलाच पायांवर पसरला. चादर भिजायला लागली, त्यांनी भिजू दिली. बराच वेळ ते त्या जागेकडे बघत होते, पण हात ठेवत नव्हते.

"मला त्याचा चेहरा आठवत नाही," ते म्हणाले. "बरीच वर्षं झाली, नाही आठवत. गाणी आठवतात, तीही अर्धी. डाग होता म्हणून चालत होतं." मग त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तू तो जवळून पाहिलायस. माझ्यापेक्षा जास्त. दरवर्षी इस्त्री फिरवलीस त्याच्या बाजूनं. कसा होता, सांग."

तिला बस म्हणाले नव्हते. ती उभीच राहिली आणि डोळे मिटून सांगायला लागली. मनगटाच्या शिवणीपासून सुरू व्हायचा. तिथे सगळ्यांत गडद, जवळजवळ काळा. वर जाताना रुंद व्हायचा आणि मग एकदम निमुळता. आतल्या अंगाला एक कोरी जागा होती, अंगठ्याएवढी, आणि बाहेरच्या बाजूनं एक बारीक धार कोपराकडे गेलेली. कडेची लोकर जरा ताठ लागायची.

आबा डोळे मिटून ऐकत होते. पाहुणी दाराबाहेर उभी होती, आत यायचं धाडस तिला होत नव्हतं.

"कोरी जागा आतल्या अंगाला?" आबांनी विचारलं.

"हो आबा."

"नाही," ते म्हणाले. "तसा नव्हता तो."

डागवाली थांबली. तिला पक्कं आठवत होतं. इस्त्रीचं टोक ती नेमकं त्याच जागी वळवायची. पण आता कोण बरोबर आणि कोण चूक, हे बघायला कापडावर काहीच उरलं नव्हतं. आबा वाट बघत होते.

"मग कसा होता, आबा?" तिनं विचारलं.

आबांनी ओली बाही उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली, आणि त्या बाहीवर कुठे तरी गवईची ती जागा सापडेल म्हणून शोधत राहिले.